समुपदेशन केंद्राच्या की फाईल: दापोलीतल्या कामाच्या नोंदी

४ मे २०२४

केंद्राच्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर आज उघडला. काम असं ठरलंय: दापोली, मंडणगड, खेड आणि गुहागर तालुक्यांतल्या कार्यकर्त्या आपसात ज्यावर बोलतात ते मेसेजिंग, आणि केसच्या कागदांचं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारं दप्तर, या दोन्हींच्या की फाईल (या गुप्त चाव्यांच्या फाईल) कुठे आहेत, कोणाकोणाकडे आहेत हे शोधायचं आणि पावसाळा लागायच्या आत शक्य तेवढी घडी बसवायची.

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईचं नाव, तिचं माहेर, सध्या ती कोणाकडे राहतेय, कोर्टाची तारीख, हे सगळं या मेसेजमधून जातं. आपल्याकडे सकाळी बाजारात कोणी काही बोललं तर दुपारी ते वाडीत पोचलेलं असतं. नवऱ्याच्या कानावर पत्ता गेला तर त्या बाईच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून हे काम मला नुसती कॉम्प्युटरची साफसफाई वाटत नाही.

कॉम्प्युटरवर पिजिन हा मेसेजिंगचा प्रोग्राम आहे, त्यात मेसेज एन्क्रिप्ट करणारं ओटीआरचं प्लगिन, आणि दप्तराच्या फाईल बंद करायला जीपीजी. टेबलाच्या खणात दोन पेनड्राइव्ह. त्यांतल्या एकावर जीपीजीच्या सगळ्या फोल्डरची प्रत, २०१९ सालातली.

९ मे

ओटीआरच्या फाईल नीट पाहिल्या. २००४ साली निकिता बोरिसोव्ह, इयान गोल्डबर्ग आणि एरिक ब्रुअर यांनी ओटीआर मांडलं तेव्हा त्यातला विचार पुढचा होता: प्रत्येक संभाषणासाठी तात्पुरत्या की, त्या वापरून झाल्या की पुसायच्या. त्यामुळे कायमची की उद्या चोरीला गेली तरी आधीचे मेसेज उघडत नाहीत. पण ती कायमची की पिजिनने साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवलेली असते. पासफ्रेज (अनेक शब्दांचा पासवर्ड) नाही, काही नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कंसात कंस दिसतात: खात्याचं नाव, मग ‘डीएसए’ हा कीचा प्रकार, मग पी, क्यू, जी, वाय असे लांबलचक आकडे आणि शेवटी एक्स. हा एक्स म्हणजेच गुपित. ज्याच्या हाती ही फाईल लागेल तो आमच्या कार्यकर्तीच्या नावाने बोलू शकतो आणि समोरच्या बाईला ओळख पटल्याची हिरवी खूण दिसत राहते.

त्याच फोल्डरमध्ये फिंगरप्रिंटची, म्हणजे समोरच्याची की ओळखायच्या छोट्या खुणांची दुसरी फाईल आहे. तिच्यात गुप्त की नाही, म्हणून तिची काळजी सहसा कोणी करत नाही. मला तीच जास्त घातक वाटली. एकेका ओळीत समोरच्या व्यक्तीचं खातं, आपलं खातं, फिंगरप्रिंट आणि पडताळणी झाली की नाही याची खूण. म्हणजे कोण कोणाशी बोललं याची आयती यादी. एकही मेसेज न उघडता नवऱ्याच्या वकिलाला हवं ते यातून मिळेल.

शिवाय ओटीआरला दोन्ही बाजू एकाच वेळी ऑनलाइन लागतात. पावसात वीज गेली, टॉवर बसला, की आमच्याकडे दोन माणसं एकाच वेळी ऑनलाइन असणं हा योगच. हे बदलायचं हे आज नक्की झालं.

१८ मे

केंद्राच्या मोठ्या बाई, वकीलबाई आणि मी बसलो. बाईंनी सरळ विचारलं, “सगळ्या चाव्यांची एक एक जादा प्रत काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तर काय बिघडलं?”

दोन दिवस याच प्रश्नावर विचार चालला होता. सगळ्या की फाईल एकाच मापाने मोजणं हीच इथली मूळ गडबड आहे. प्रत्येक फाईलबद्दल आधी हे विचारायचं: ही हरवली तर काय बुडेल, आणि दुसऱ्याच्या हाती गेली तर काय उघडं पडेल?

बोलण्याची की हरवली तर काहीच बुडत नाही. नवी बनते, दहा मिनिटांत. पण तिची प्रत कुठे पडून असेल तर धोका कायम. म्हणून तिची जादा प्रत काढायचीच नाही. दप्तराची की हरवली तर मात्र मागच्या सगळ्या वर्षांच्या केसचे कागद कायमचे गेले. ते उघडून द्यायला कुठली कंपनी नाही की कचेरी नाही. तिच्या प्रती हव्यात, मोजक्या, कुठे आहेत हे माहीत असलेल्या. तिसरी मेसेज जिथून जातात त्या सर्व्हरच्या टीएलएसची की, म्हणजे सर्व्हरशी होणारी जोडणी सुरक्षित ठेवणारी. तिचं प्रमाणपत्र ९० दिवसांत आपोआप बदलतं, तिचा बॅकअप घ्यायची गरज नाही, फक्त सर्व्हरच्या प्रोग्रामशिवाय कोणाला ती वाचता येऊ नये.

बाईंना पटलं. वकीलबाईंचा एक प्रश्न राहिला: “फोन गेला तर त्यातले जुने मेसेज पुराव्याला लागतील त्याचं काय?” उत्तर असं ठरलं की मेसेज हे दप्तर नव्हे. केसला लागणारं काही आलं तर आठवड्याच्या आत ते दप्तरात चढवायचं, आणि बाकीचं फोनवरून जाऊ द्यायचं.

२७ मे

दप्तराची जुनी की: आरएसए २०४८ प्रकारची, मुदत नाही, सही करायला आणि कागद उघडायला एकाच संचातल्या की, आणि पासफ्रेज अनेक जणींना माहीत. पूर्वी काम सोडून गेलेल्याही त्यात आल्या. बाईंनी सुचवलं की पासफ्रेज बदलूया. ते इथे उपयोगाचं नाही, आणि हे समजावून सांगायला वेळ द्यावा लागला. पासफ्रेज बदलली की बदलते ती फक्त या कॉम्प्युटरवरच्या फाईलची. खणातल्या पेनड्राइव्हवर २०१९ ची जी प्रत आहे ती जुन्याच पासफ्रेजने उघडते आणि आतली की तीच आहे. अशा प्रती आणखी किती फिरताहेत ते सांगणारं कोणी नाही. म्हणून नवी की.

नवी की एका जुन्या लॅपटॉपवर बनवली. त्याचं वायफाय कार्ड काढून टाकलंय. मुख्य की तिथेच राहील. कचेरीच्या कॉम्प्युटरवर फक्त कागद उघडण्याची उपकी, म्हणजे मुख्य कीच्या हाताखालची एकाच कामाची की. उपकीला दोन वर्षांची मुदत. मुख्य की हातात असेल तोवर मुदत वाढवता येते, आणि सगळेच विसरले तर की आपोआप कालबाह्य होते, म्हणजे नवे कागद तिच्याने बंद होणं थांबतं. जुने कागद उघडायला मात्र ती चालतच राहते. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, कारण मुदत संपलेली की ‘आता निरुपयोगी’ म्हणून पुसून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

पासफ्रेज फाशांनी काढली. सापशिडीच्या खोक्यातला फासा घेतला. पाच वेळा टाकला की ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द ठरतो. सहा शब्द मिळून सुमारे ७७ बिट होतात, म्हणजे अंदाजाने ओळखणं जवळपास अशक्य. दाभोळची ताई फासे टाकत होती आणि वकीलबाई लिहून घेत होत्या. माणसाने स्वतः निवडलेले शब्द नकोत. देवाचं, गावाचं, मुलाचं नाव कुठून तरी येतंच.

३० मे

जुन्या दप्तराचं पुन्हा एन्क्रिप्शन सुरू केलं. प्रत्येक फाईल नव्या कीसाठी आणि वकीलबाईंच्या स्वतःच्या कीसाठी, अशी दोघांना उघडेल अशी. जुनी की हे पुरं होईपर्यंत पुसायची नाही.

५ जून

कागदावरची प्रत. पेपरकी नावाचा डेव्हिड शॉ यांचा छोटा प्रोग्राम आहे. तो गुप्त कीमधला फक्त गुप्त भाग वेगळा काढून हेक्साडेसिमल आकड्यांत (० ते ९ आणि ए ते एफ) छापतो, कारण सार्वजनिक भाग कुठूनही परत मिळतो. आमची की नव्या वळणाची, एड२५५१९ प्रकारची असल्याने पानभरही मजकूर झाला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ओळीचा तपासणी आकडा असतो. परत टाइप करताना कुठल्या ओळीत चूक झाली ते लगेच कळतं.

कागदच का, असं बाईंनी विचारलं. खाऱ्या हवेने पेनड्राइव्हच्या पितळी दातांवर हिरवट थर चढलेला मी त्यांना खणातच दाखवला. कागदालाही इथे बुरशी आहे, वाळवी आहे, पण त्याचं बिघडणं डोळ्यांना दिसतं, आणि अर्धवट पुसलेला आकडाही पुष्कळदा वाचता येतो. शाईच्या प्रिंटरवर छापायचं नाही, दमटपणाने अक्षर फुटतं. लेझर प्रिंट घेतली, तीही लॅपटॉपला थेट वायर जोडून. दुकानात नेऊन छापणं बादच, तिथल्या मशीनमध्ये फाईल राहते.

दोन प्रती. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक वकीलबाईंच्या कपाटात. कागद पासफ्रेजशिवाय उघडत नाही. पासफ्रेज तीन भागांत वाटली, कोणतेही दोन भाग एकत्र आले तरच ती मिळते. अदि शमीर यांनी १९७९ साली मांडलेली ही रीत आहे, आणि तिचं सौंदर्य असं की एकाच भागावरून पासफ्रेजचं एक अक्षरही कळत नाही. लिहिलेली चिठ्ठी फाडून तीन तुकडे केले असते तर प्रत्येकाला एक तृतीयांश शब्द कळले असते. भाग गेले मोठ्या बाईंकडे, वकीलबाईंकडे आणि दाभोळच्या ताईकडे. वकीलबाईंकडे कागदही आहे आणि एक भागही, तरी त्या एकट्या काही उघडू शकत नाहीत. ते त्यांनीच आग्रहाने तपासून घेतलं.

१२ जून

पाऊस लागला. सगळ्या कार्यकर्त्या आज दापोलीत, म्हणून फोनवर कन्व्हर्सेशन्स हे मेसेजिंगचं नवं अ‍ॅप चढवायचं काम एकदम उरकलं. सर्व्हरचा प्रोग्राम प्रोसडी, भाड्याच्या मशीनवर; कचेरीत ठेवला असता तर प्रत्येक वादळात तो बंद. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मंडणगड आणि दापोलीच्या किती गावांना कित्येक दिवस ना वीज होती ना फोन, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

एन्क्रिप्शनची पद्धत ओमेमो. २०१५ मध्ये आंद्रेआस श्ट्राउब यांनी ते याच अ‍ॅपसाठी तयार केलं, आतलं यंत्र सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचंच. प्रत्येक फोनची स्वतःची की, ती फोनमध्येच जन्मते. फोन शंभरेक एकदाच वापरायच्या की आधीच बनवून त्यांचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवतो, त्यामुळे समोरची ऑफलाइन असली तरी मेसेज बंद करून पाठवता येतो. सर्व्हरच्या हाती गुप्त की एकही लागत नाही.

पडताळणीला बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. प्रत्येकीने प्रत्येकीचा क्यूआर कोड स्कॅन केला. या अ‍ॅपची रीत अशी की एखाद्या व्यक्तीची एकदाही पडताळणी केली नसेल तोवर तिच्या नव्या कीवर ते आपणहून विश्वास ठेवतं. एकदा पडताळली की पुढची प्रत्येक नवी की विचारूनच घेतं. म्हणजे आजची मेहनत एकदाच, पण ती केली नाही तर पुढची सगळी दारं उघडी.

ग्रुप फक्त सदस्यांसाठी आणि खाती एकमेकींना दिसतील असा करावा लागतो, नाहीतर कोणाच्या कीने बंद करायचं ते अ‍ॅपला कळत नाही.

मंडणगडच्या काकूंनी विचारलं, “दादा, फोन बदलला तर जुन्यातलं नव्यात घेता येईल ना?” अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे, पण आपण ती वापरायची नाही असं सांगितलं. प्रत्येक मेसेजबरोबर की पुढे सरकते. जुन्या बॅकअपमधून आणलेला फोन मागच्या पायरीवर उभा असतो आणि समोरची पुढे गेलेली असते. एकाच कीचे दोन फोन चालू राहिले तर गोंधळ आणखी वाढतो. नवा फोन, नवी की, पुन्हा पडताळणी.

२१ जून

दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरताना दाभोळच्या ताईचा फोन खाडीत पडला. सकाळीच दुसऱ्या नंबरवरून फोन: “दादा, मोबाईल गेला, वाशिष्ठीने घेतला. आता?”

खाडीतला फोन कोणाच्या हाती लागणार नाही, त्यामुळे घाई नव्हती. जुन्या फोनचं नाव तिच्या उपकरणांच्या यादीतून काढलं, नाहीतर प्रत्येक मेसेज त्या बुडालेल्या फोनसाठीही बंद होत राहतो. नवा फोन घेऊन ती शनिवारी येईल, तोवर तिच्याशी केसची नावं घेऊन बोलायचं नाही असं सगळ्यांना कळवलं.

१ जुलै

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू. वकीलबाईंच्या सांगण्यावरून यापुढच्या घटनांच्या फाईलींना नवी कलमं लावायची: जुन्या दंड संहितेतल्या ४९८अ (सासरचा छळ) च्या जागी ८५ आणि ८६. कलम आणि गाव फाईलच्या नावात असू नये हेही आज ठरवलं. जीपीजी आतला मजकूर बंद करतं, फाईलचं नाव उघडंच राहतं. नुसते क्रमांक, आणि क्रमांकांची वही एन्क्रिप्ट केलेली.

९ जुलै

खेडच्या ताईंचा फोन गाडीत विसरला. पाच मिनिटांत लक्षात आलं, पण गाडी पुढे गेलेली. फोनला पिन आहे. तरी हा फोन कोणाच्या तरी हातात आहे असंच धरून चालायचं.

इथे क्रम महत्त्वाचा. पहिला विचार येतो तो फोन यादीतून काढण्याचा. पण अ‍ॅप चालू असेल आणि आपलं नाव यादीत नाही असं त्याला दिसलं तर ते स्वतःला पुन्हा यादीत घालतं, तसंच ते लिहिलेलं आहे. म्हणून आधी सर्व्हरवर खात्याचा पासवर्ड बदलला, मग त्या खात्याची चालू जोडणी तोडली, आणि त्यानंतर यादी साफ केली. सगळ्यात शेवटी प्रत्येकीने आपापल्या फोनवर त्या जुन्या कीवरचा विश्वास काढून टाकला. ते मी सर्व्हरवरून करू शकत नाही, आणि करता येऊ नये हेच बरोबर आहे. ज्याच्या हाती सर्व्हर त्याच्या हाती विश्वास असं झालं तर एन्क्रिप्शनला अर्थ नाही.

ज्यांना येता आलं नाही त्यांनी नवा फिंगरप्रिंट फोनवर वाचून पडताळला. आठ आठ अक्षरांचे आठ गट. आवाज ओळखीचा, म्हणून चालेल. मेसेजमधून फिंगरप्रिंट पाठवून पडताळणं चालणार नाही, कारण ज्याच्यावर शंका आहे त्याच वाटेने तो येतो.

२३ जुलै

दोन दिवस धो धो. कचेरीची वीज येऊन जाऊन. दप्तराचं पुन्हा एन्क्रिप्शन आज पुरं झालं.

जुनी की आता रद्द. जीपीजी की बनवतानाच तिचं रद्दपत्र वेगळ्या फोल्डरमध्ये तयार करून ठेवतं. ते चुकून वापरलं जाऊ नये म्हणून सुरुवातीच्या पाच रेघांच्या आधी विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं (कोलन) घातलेली असतात. एडिटरमध्ये ती काढल्याशिवाय फाईल आत घेतलीच जात नाही. ही टिंबं ज्याने घातली त्याला माणसांची ओळख होती. आमची जुनी सार्वजनिक की ज्यांच्याकडे होती त्या सगळ्यांना रद्दपत्र पाठवलं आणि फोन करून ते आत घेतल्याची खात्री केली.

रद्द केल्याने जुन्या कीने बंद केलेली, पूर्वी ईमेलने गेलेली पत्रं सुरक्षित होत नाहीत. ज्याच्याकडे जुनी की आणि पासफ्रेज आहे तो ती आजही वाचू शकेल. त्या पत्रांतल्या ज्या बायका अजून धोक्यात आहेत त्यांची यादी मोठ्या बाईंना दिली. दोघींचा राहण्याचा पत्ता बदलण्याची तजवीज त्या करताहेत. हे काम सॉफ्टवेअरने होणारं नाही.

जुना कॉम्प्युटर: त्याच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवरची फाईल पुसली तरी आतला कंट्रोलर जुनी प्रत दुसरीकडे ठेवून देतो, त्यामुळे वरून कितीही वेळा लिहिलं तरी खात्री नाही. डिस्क काढून फोडली. नवीवर पहिल्या दिवसापासून लक्स, म्हणजे सगळी डिस्क बंद ठेवणारं एन्क्रिप्शन आहे. लक्सच्या हेडरचा (डिस्कची की ज्यात बंद असते त्या भागाचा) बॅकअप मुद्दाम एकच ठेवला, कारण पासवर्ड बदलल्यावरही जुन्या हेडरने डिस्क जुन्याच पासवर्डने उघडते. पेनड्राइव्हची गोष्ट इथेही तशीच.

६ ऑगस्ट

गुहागरची एक कार्यकर्ती लग्नानंतर मुंबईला जातेय. तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण की विश्वासाने चालत नाहीत, हिशोबाने चालतात. ग्रुपमधून नाव काढलं, खातं बंद केलं, कचेरीच्या कॉम्प्युटरवरचा तिचा लॉगिन काढला. तिने स्वतः अ‍ॅप काढून फोन माझ्यासमोर ठेवला. पुढे येणाऱ्या प्रत्येकीला सुरुवातीलाच सांगायचं की जाताना असं होईल, म्हणजे त्या दिवशी कोणाला अपमान वाटणार नाही.

कचेरीत जीपीजी एकदा पासफ्रेज घेतलं की दहा मिनिटं ती लक्षात ठेवतं, आणि वापर चालू राहिला तर दोन तासांपर्यंत. चहाला उठलं तरी दप्तर उघडं. एक मिनिटावर आणलं.

२४ ऑगस्ट

सराव. लॅपटॉप जळाला असं धरलं. लॉकरमधला कागद, पासफ्रेजच्या भागांची दोन पाकिटं (दाभोळचं आणि मोठ्या बाईंचं) आणि नेटशी न जोडलेला दुसरा, रिकामा लॅपटॉप. मी काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. वहीतल्या सूचना वाचून मंडणगडच्या काकूंनी करायचं.

काकूंनी आकडे हाताने टाइप केले. एका ओळीत तपासणी आकडा जुळेना. ८ च्या जागी बी पडला होता, तो सापडला. पासफ्रेजचे दोन भाग जुळले, सहा शब्द आले. मग अडलं: पेपरकीला सार्वजनिक की लागते आणि ती कुठे आहे हे वहीत नव्हतं. वकीलबाईंच्या कॉम्प्युटरवरून ती आणली आणि चाचणीची फाईल उघडली. आता सार्वजनिक कीची प्रत कागदाच्या पाकिटातच सीडीवर, आणि वहीत तिची ओळ लिहिली. काकू म्हणाल्या, “आता रात्री दोन वाजता सांगितलंत तरी करीन.”

सरावाचा लॅपटॉप शेवटी पूर्ण पुसला, त्याची डिस्कही एन्क्रिप्टेड होती.

२ सप्टेंबर

शनिवारी गणपती. घरोघर साफसफाई, रंग, माळे खाली उतरवले जाताहेत आणि चाकरमानी यायला लागलेत. दाभोळच्या ताईचं पाकीट माळ्यावरच्या पेटीत होतं. तिच्या दिराने काल पेटी हलवली. पाकीट बंदच आहे, पण घरातलं ठिकाण नको. तो भाग आता गुहागरच्या तिच्या बहिणीच्या बँक लॉकरमध्ये.

प्रोसडी मेसेज मुळात एक आठवडाच धरून ठेवतो. पावसात आठवडाभर बंद राहिलेले फोन आमच्याकडे आहेत, म्हणून मुदत एक महिना केली. ते सगळं बंद मजकुराचंच आहे.

शिल्लक: गुहागरच्या नव्या कार्यकर्तीची समोरासमोर पडताळणी, विसर्जनानंतर. उपकीची मुदत मे २०२६ ला संपते. मार्चमध्येच वाढवायची, त्यासाठी पासफ्रेजचे दोन भाग लागतील. मोठ्या बाई तेव्हा गावात नसतील, म्हणून वकीलबाईंचं आणि गुहागरच्या लॉकरमधलं पाकीट धरून चालायचं.